स्वल्प मीठ

३ फेब्रुवारी, सोमवार

चोर. प्रणीत चोर आहे. इथे तरी लिहून टाकते, नाहीतर तोंडावर बोलून बसेन.

आज मीटिंगमध्ये विद्याधर सरांनी जाहीर केलं — "प्रणीतची पद्धत". माझी पद्धत! वर्षभर कोल्ड रूममध्ये स्वेटर घालून कुडकुडले ती मी. माणसाच्या पेशीतलं हे प्रोटीन आम्ही जिवाणूंकडून बनवून घेतो, दुसऱ्या लॅबना प्रयोगांसाठी विकतो. त्याचा स्वभावच असा, की आरएनए दिसला की घट्ट धरायचा. मग ते त्या जिवाणूचाच आरएनए धरून बसतं, आणि असं बरबटलेलं प्रोटीन कुणाच्याच कामाचं नाही. भरपूर मिठाच्या पाण्याने धुतलं की पकड सुटते, हे मी शोधलं. कॉफी पिताना त्याला एवढंच म्हटलं, मिठाच्या पाण्याने धुवायचं. त्याने जाऊन सरांना सांगितलं.

बाहेर आल्यावर मला म्हणतो, "अगं, टीमचंच आहे ना सगळं." वर हसला.

४ फेब्रुवारी

राग गेला नाही. जाऊ देणारही नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

हैदराबादच्या एका लॅबची मोठी ऑर्डर आली. प्रणीतच करणार. पद्धत त्याची ना! साहेबांनी हे प्रोटीन स्वतःच्या हाताने कधी धुतलेलं नाही. मीठ किती, हे त्याला ठाऊकच नाही — कॉफीबरोबर तेवढं सांगायचं राहून गेलं होतं. देव पावला.

येईल माझ्याकडेच. कुठे जातो?

९ फेब्रुवारी, रविवार

श्यामलामावशी नव्या सुनेला घेऊन आली होती. मुलगी पुण्याची. आईने ओबट्टू, म्हणजे पुरणपोळ्या, केल्या होत्या. "स्वल्प तूप घालू?" आईने विचारलं. ती म्हणाली, "हो, स्वल्प चालेल." आणि आईने वाटीच उपडी केली. पोरगी बघतच राहिली.

तिच्या पुण्यात स्वल्प म्हणजे थेंबभर. आमच्या मल्लेश्वरमात, कन्नड ऐकून ऐकून, स्वल्प म्हणजे घ्या हो, लाजू नका. रिक्षावाल्याला विचारा — त्याचं "स्वल्प मुंदे", जरा पुढे, म्हणजे पुढचा सिग्नल ओलांडून आणखी बरंच पुढे.

मावशी हसली, आई हसली. मी हसता हसता थांबले. प्रणीतही पुण्याचाच.

१२ फेब्रुवारी, बुधवार

विचारलं त्याने!

अनुषा आणि हर्ष, आमचे दोन ज्युनिअर, शेजारीच उभे होते. त्यांना मराठी येत नाही, म्हणून साहेब हळूच मराठीत — "मीठ किती गं, साधारण?" आकडा मागायची सोय नव्हती. आकडे आम्ही इंग्रजीतच बोलतो, तो त्या दोघांना कळला असता, आणि पद्धत कुणाची तेही.

मी म्हणाले, "स्वल्प."

"सरी, सरी," म्हणाला. दोन वर्षं एचएसआर लेआउटमध्ये राहून एवढीच कन्नड. आणि गेला चिमूटभर घालायला.

मी एक अक्षर खोटं बोललेले नाही. आमच्या घरी कुणालाही विचारा.

२० फेब्रुवारी

बॅच हैदराबादला गेली. घाईत धड तपासलीही नाही त्याने. मी गप्प.

३ मार्च, सोमवार

सगळी बॅच परत आली. बरबटलेली. हैदराबादवाल्यांचे प्रयोग वाया गेले, ते सरांवर फोनवरच ओरडले म्हणे. प्रणीतचं ते पडलेलं तोंड बघायला मी दोनदा पाणी प्यायच्या निमित्ताने उठले. बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

घरी पोटभर जेवले. आई म्हणाली, "आज काय विशेष?" म्हटलं, काही नाही, स्वल्प तूप वाढ.

४ मार्च, मंगळवार

सरांनी सगळ्यांना बोलावलं. प्रणीत उभा राहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "सर, ही पद्धत मुळात माझी नाहीच. आश्लेषाची आहे. तिने सांगितलं तसंच केलं मी."

हेच ऐकायला मी कानात प्राण आणून बसले होते. शब्दन् शब्द हाच.

सर माझ्याकडे वळले. मराठीतच विचारलं, "आश्लेषा, मीठ किती सांगितलं होतंस त्याला?"

सर निपाणीचे. त्यांना मराठीही येते, कन्नडही.