हायड्रोशी माझं वाकडं

तीर्थस्वरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (या मायन्यातलं ‘तीर्थ’ म्हणजेही पाणीच, हे इतकी वर्षं खटकलं नव्हतं. आज खटकलं.) तुझा खोकला कसा आहे? भाऊजींची कवळी सापडली का? आपल्याकडे हरवलेली वस्तू बहुधा शोधणाऱ्याच्याच खिशात असते, तेवढं बघ. इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे हिचा गुडघा सोडून.

ऑपरेशन झालं ते तुला ठाऊक आहेच. आता डॉक्टर म्हणतात, या महिन्यात गुडघा वाकला तर वाकला, नाहीतर कायमचा ताठ राहील. उपाय हायड्रोथेरपी. म्हणजे कोमट पाण्याच्या हौदात उतरून चालायचं. हिने तिथेच अट घातली, की हे उतरतील तर मी उतरेन. ‘हे’ म्हणजे मी. तू मागून कॉलर धरल्याशिवाय ज्याला तळ्यात साधा तांब्या बुडवता येत नसे, तो.

शब्दांचा नाद मला तूच लावलास. विज्ञानाची मास्तरीण होण्याआधी सगळा सराव माझ्यावर केलास. हायड्रो म्हणजे ग्रीकांचं पाणी, हायड्रोजन म्हणजे पाणी घडवणारा, हायड्रा म्हणजे पाणसाप, आणि त्यांचं ‘हायडोर’ नि आपलं ‘उदक’ ही एकाच पणजीची पणतवंडं. फोबिया म्हणजे भीती, हेही तूच सांगितलंस. पुढचं मात्र सांगायचं राहून गेलं, आणि तिथेच घात झाला. हौदाच्या खोलीत निळ्या फरशा, औषधाचा वास, खुंट्यांवर ओले टॉवेल. शिट्टीवाल्या बाई मला म्हणाल्या, काका, कपडे बदला. भीती वाटते म्हणायची लाज वाटली. (जन्म मुद्रितशोधनात गेलेला माणूस मी. भारदस्त शब्द सापडला की घाबरटपणासुद्धा विद्वत्ता वाटतो.) मी घसा साफ करून सांगितलं, मला हायड्रोफोबिया आहे.

बाई झटकन मागे सरल्या आणि हळूच म्हणाल्या, कुत्रं कधी चावलं? मला वाटलं, सहज गप्पा मारताहेत. म्हटलं, परवाच, पण प्रेमाने, शेजाऱ्यांचं आहे. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. हौदातले पेशंट पळाले. ज्यांना चालता येत नव्हतं तेही चालू लागले. त्या खात्याला इतका गुण आजवर कधी आला नसेल. मला चाकाच्या खुर्चीत घालून खाली नेलं. तिथल्या पोरसवदा डॉक्टरने समजावलं, की पिसाळलेलं कुत्रं चावून होणाऱ्या रोगाचंच ते जुनं नाव; त्यात पाणी गिळवत नाही. पेलाभर पाणी दिलं, मी गटागटा प्यालो. पण चावल्याचं मीच कबूल केलेलं असल्यामुळे सुई काही टळली नाही.

दंड चोळत परत आलो तर ही हौदाच्या पायरीवर पाय सोडून एकटीच हसत होती. डोळे पुसत होती आणि पुन्हा हसत होती. हसता हसता गुडघा थोडा वाकलाय हे तिच्या ध्यानातही नव्हतं. ताई, ऑपरेशननंतर ही पहिल्यांदा हसली. मला इतकं बरं वाटलं, की सुईचं दुखणंच विसरलो. पण पायरीच्या पुढे ती गेली नाही. तिथेच बसून माझ्याकडे बघत राहिली.

बाकी ठीक. तब्येतीस जप.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र निव्वळ करमणुकीसाठी लिहिलं आहे. मागायचं काही नाही.

ता. क. २. आहे. काल मी हिला म्हटलं, तू उतर, मी काठावरून धीर देतो. ही म्हणाली, ‘जन्मभर तुम्ही पाण्याला पाण्यात पाहिलंत. आता मला एकदा तुम्हाला पाण्यात पाहायचंय.’

ता. क. ३. सोमवारी येशील का? बाईंना विचारलं आहे. कॉलरचा शर्ट घालून उतरलं तरी चालेल म्हणाल्या.