छोट्या इनहोला काही दिसलं नाही

जोन्जू,
१४ मे

प्रिय मिग्योंगताई,

कशी आहेस? सोलच्या नव्या हॉस्पिटलात जीव रमला का? इकडे सगळं ठीक. विभागातली कॉफी अजून तशीच कडू आहे आणि तुझ्या खुर्चीवर आता इनहो बसतो, हे तुला कुणीतरी सांगितलंच असेल.

आपलं सॉफ्टवेअर मार्चपासून रोज चालतंय. मेंदूच्या एमआरआयमध्ये बारीकसा पांढरा डाग असला तरी त्याभोवती लाल गोल काढून देतं. रिसेप्शनवरच्या पोरींनी त्याचं नाव ठेवलंय ‘छोटा इनहो’. परवा एका रिपोर्टला मी जरा वेळ लावला, तर त्यातली एक म्हणते, “मॅडम, कशाला डोळे फोडताय? छोट्या इनहोला विचारा की!” सगळ्या हसल्या. मीही हसले, पण आतून नुसती जळत होते.

का जळू नको, सांग? त्याला शिकवायला हजारो चित्रं मी आणि इनहोने वेगवेगळ्या खोल्यांत बसून पाहिली. डाग दिसला की गोल काढायचा, एकमेकांचं बघायचं नाही. जिथे जुळलं नाही तिथे निवाडा तुझा. आमची नावं झाकलेली होती म्हणे! ताई, माझा गोल तुला ओळखू येत नव्हता? मी ढगळ काढते, तो डागाला चिकटून काढतो. आणि जवळजवळ दर खेपेला तू त्याचाच उचललास. म्हणजे यंत्र शिकलं ते त्याच्या डोळ्यांनी बघायला.

वर विभागाच्या जेवणात, सगळ्यांसमोर, “आमच्या ह्येरानला बर्फातसुद्धा डाग दिसतो!” असं म्हणालीस, आणि तव्यावरचा मांसाचा पहिला तुकडा इनहोच्या वाटीत ठेवलास. इतकी वर्षं तो माझ्या वाटीत पडायचा. लहान पोरीसारखी काय धरून बसलीय, म्हणशील. म्हण. मला अजून लागतं.

असो. सोबत एक सीडी पाठवतेय. बहात्तर वर्षांच्या एका बाईंचा एमआरआय आहे. छोट्या इनहोला काही दिसलं नाही. मोठ्या इनहोनेही पाहिलं आणि “सगळं स्वच्छ आहे, मॅडम,” म्हणाला. मला एके ठिकाणी अंधूक पांढरं वाटतंय. कुठे ते सांगणार नाही. गोलही काढलेला नाही.

पूर्वीसारखं नाव झाकूनच पाठवणार होते. पण ते जमेना. माझी आई आहे गं ती.

पालकदिनाला सगळेच आईबापांना तपासणी भेट देतात, तशी मीही दिली, कार्नेशनच्या फुलांबरोबर. आईची कुरकुर सुरू, “डोकं कशाला तपासायचं? दुखतात ते गुडघे!” पण गेल्या हिवाळ्यात किमचीच्या कोबीला तिने दोनदा मीठ लावलं होतं. भाऊ हसला. मी मात्र ते मनात ठेवलं, म्हणून तर ही भेट.

आता माझी पंचाईत बघ. ते यंत्र चुकावं असं मला इतके दिवस, इतकं मनापासून वाटत आलंय की माझ्याच डोळ्यांवर विश्वास राहिला नाही. तो डाग खरंच तिथे आहे, की माझ्या जळफळाटाने आणून ठेवलाय? पुन्हा एकदा बघ म्हणून सांगायला इनहोच्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले. तो टाकून बोलला असता तर परवडलं असतं. पण तो समजूतदारपणे मान डोलावेल आणि कीव करेल, ते मला सहन होणार नाही. घरी आई विचारते, “काय गं, आला का निकाल?” मी म्हणते, यायचाय अजून.

आईच्या हातचं तू खूप जेवलीयस ताई, पण बघताना ते विसर. माझे ढगळ गोलही मनात आणू नकोस. काही दिसलं तर लगेच फोन कर, पहिल्या गाडीने तिला घेऊन येते. नाही दिसलं, तर पुढच्या जेवणात पहिला तुकडा इनहोच्या वाटीत मी स्वतः ठेवीन, सगळ्यांसमोर, हसत.

तू त्यालाच निवडावंस असं मला पहिल्यांदाच वाटतंय.

हरण्याची वाट पाहणारी,
तुझी ह्येरान