पोलोनमामाची सही

इविसान, पानाय बेट
३ फेब्रुवारी

चि. इंदाय हिला पोलोनमामाचे अनेक आशीर्वाद.

फोन सोडून पत्र का, असं विचारू नकोस. लुबागच्या दुखण्यानं मान आणि हात पिळले होतेच, आता जबडाही पिळायला घेतलाय. माझं बोलणं तुझ्या मामीलाच कळत नाही, तुला फोनवर काय कळणार? सकाळी उठल्यावर अर्धा तास हात शहाण्यासारखा वागतो, तेवढ्यात लिहितो.

सहा वर्षांपूर्वी माझ्या दंडाची मसुराएवढी कातडी घेऊन तू मनिलाला गेलीस. ती तिकडे करते तरी काय? मामी म्हणते, नवरा घरी बसला, निदान त्याची कातडी तरी नोकरीला लागली. आणि तू काचेच्या बशीत वाढवतेस त्या माझ्या पेशी माझ्यासारख्याच वेड्यावाकड्या हलतात का गं?

तुझ्या संस्थेचा कागद मिळाला. ३१ मार्चच्या आत मी पुन्हा संमती दिली नाही तर पेशी नष्ट करणार म्हणे. सहीचं बघू. आधी हे सांग, यातून निघणारं औषध मला मिळणार का?

लोभ आहेच, तो पत्रागणिक वाढव.
तुझा,
पोलोनमामा

मनिला
१४ फेब्रुवारी

ती. पोलोनमामांस,
सा. न. वि. वि.

नाही, हलत नाहीत! आधी आम्ही कातडीच्या पेशींना त्यांच्या बालपणात परत नेलं. तिथे त्या मूलपेशी होतात. हृदय, हाड, काय हवं ते त्यांच्यातून घडवता येतं. मग त्यांच्यापासून मेंदूतल्यासारख्या पेशी केल्या. भिंगाखाली त्या बारीक धागे सोडतात आणि एकमेकींना निरोप धाडतात.

तुमच्या एका जनुकात सव्वीसशे अक्षरांचा आगंतुक मजकूर घुसलाय. आपल्या बेटावरच्या लुबाग झालेल्या प्रत्येकात तोच सापडतो. जनुकं कापायच्या कात्रीनं मी तो काढला. दोन वर्षं कात्री भलतीकडेच चालत होती, शेवटी जमलं. आता दोन बश्या आहेत. एकीत तुम्ही आहात तसेच, दुसरीत फक्त तो मजकूर नाही. दुसरीतलं जनुक पूर्ण जोमानं चालतंय, मामा!

औषधाचं काम चांगलं चाललंय, धीर धरा. सही मात्र नक्की पाठवा. माझी सहा वर्षं त्या पेशींवर उभी आहेत.

मामींना नमस्कार. कृपा असावी.
आपली,
इंदाय

इविसान
१ मार्च

चि. इंदायला आशीर्वाद.

दुसऱ्या बशीनं माझी झोप उडवली. तो मीच की दुसरा कोणी? एक्केचाळिसाव्या वर्षी शिंपले कापताना माझ्या हातातली सुरी फिरली. त्या गड्याची फिरली नसती. तो अजून लोकांच्या खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं बसवत असता. भेटला तर विचारीन, कसं चाललंय म्हणून.

पण माझा प्रश्न एक आणि तुझं उत्तर भलतंच. लहानपणी नापास झालीस की तू ‘निकाल अजून लागायचाय’ म्हणायचीस, तीच ही तऱ्हा. लुबागनं माझ्या मामाच्या सपाता सुद-सुद करत घासायच्या आणि सगळे त्याला सांगायचे, होशील बरा. मरेपर्यंत त्याला कोणी खरं सांगितलं नाही. माझ्याशी तसं वागू नकोस.

सही अजून माझ्याकडेच आहे.
तुझा,
मामा

मनिला
१२ मार्च

ती. मामांस सा. न.

मामा, नाही. हे औषध तुम्हाला मिळणार नाही.

बशीतून माणसाच्या मेंदूपर्यंत पोचायला पंधरा-वीस वर्षं तरी लागतील, आणि तेव्हाही ते फसू शकतं. तुमच्या मेंदूतल्या ज्या पेशी मेल्या त्या काही परत येणार नाहीत. ही विद्या मी शिकले ती तुमच्यासाठी, म्हणून हे एक वाक्य लिहायला हात धजत नव्हता. आधी ‘लवकरच’ असं लिहिलं, ते फाडलं आणि रडले.

सही द्यायची की नाही, हा तुमचा हक्क. नाही दिलीत तरी मी रागावणार नाही. मला माफ करा.
आपली,
इंदाय

इविसान
२० मार्च

चि. इंदायला अनेक आशीर्वाद.

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? त्या दिवशी मामीनं कालवं शिजवली, ती तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी मात्र शांत झोप लागली, कितीतरी महिन्यांनी.

सोबत कागद आहे. सहीखालची तारीख बघ, २९ जानेवारी. कागद हाती पडला त्याच सकाळी केली होती. तू नाही म्हणाली असतीस काय, हो म्हणाली असतीस काय, ती तुझीच होती. पण तुला सही हवी होती तोवरच तू माझ्या प्रश्नाला उत्तर देणार होतीस, म्हणून ठेवून घेतली.

मी गेल्यावरही पेशी वापर. आता औषधाची घाई नाही, तेव्हा सावकाश आणि सविस्तर लिही. त्या दुसऱ्या बशीतल्या गड्याचे धागे किती लांब झाले?

वाट पाहतो.
तुझा,
पोलोनमामा