मोटारीचा कुंभक

भिवंडी, आश्विन वद्य पंचमी

तीर्थस्वरूप दाजींस,

माधवचा साष्टांग नमस्कार. ताईच्या गुडघ्यास नवे तेल मानवले असेल आणि आपला प्रातःपाठ निर्विघ्न चालू असेल, असे धरून चालतो. कारण माझ्या घरी सध्या निर्विघ्न असे काहीही उरलेले नाही.

आपण प्रेमाने दिलेल्या मोटारीत दसऱ्यापासून एक पिवळा दिवा लागला आहे. तो आमच्या नंदादीपाहूनही निष्ठेने तेवतो. वर पेट्रोलचा दर्प. या गाडीतून खारबावला आमच्या अदितीच्या सासरी तिच्या डोहाळजेवणास येणार नाही, असे माईने (वरदच्या आईस आता मीही माईच म्हणतो) बजावले. तेव्हा मी संतापून देवासमोर बोलून गेलो, की दोष दाजींच्या गाडीचाच आहे. माझा निघाल्यास किल्ली कायमची वरदच्या स्वाधीन करीन.

मानकोलीच्या दौलत मेस्त्रीने मला स्टुलावर बसवून निरूपण केले. पेट्रोल म्हणे उभ्या गाडीतही वाफ होऊन उडू पाहते. ती वाफ हवेत सुटू नये म्हणून टाकीतून नळीने कोळशाच्या डब्यात नेतात. (पेट्रोलच्या गाडीत कोळसा म्हटल्यावर मी त्यास ठग ठरवून उठलोच होतो.) कोळसा तिला धरून ठेवतो. इंजिन चालू झाले, की एक झडप उघडते आणि इंजिन ती वाफ ओढून घेऊन जाळते. म्हणजे डब्यात कुंभक, झडपेतून पूरक आणि शेवटी अग्नीत आहुती! मात्र टाकीचे तोंड घट्ट मिटलेले हवे. ते तसे आहे का, हे गाडी स्वतःच तपासते आणि वाफ निसटत असल्यास दिवा लावते.

एवढे सांगून त्याने टाकीचे झाकण उघडले आणि एक मळका लाल दोरा वर धरला. "गुरुजी, गाडीला काय बी झाला न्हाय. ह्यो दोरा झाकनात अडकलाय. कोनी बांधला?"

मी म्हणालो, परंपरेने.

ज्या मुखाने गाडी अन्न घेते त्या मुखाशीच रक्षासूत्र बांधावे, हा दसऱ्याच्या पूजेतला माझाच विचार. आरशाला बांधा, असे माईने तेव्हाच सुचवले होते. त्यावर मी तिला शास्त्र ऐकवले (पाऊण तास).

आता दोरा काढला आहे. दिवा दोन-चार दिवसांत आपोआप विझेल, असे दौलत म्हणतो.

आपला आज्ञांकित,
माधव

ता. क. शुक्रवारी आपण डोहाळजेवणास येतच आहात. झाकण आपल्या वेळेपासूनच सैल होते, एवढे माईच्या कानी पडेल असे सहज बोलावे.

पुन्हा ता. क. हे मीच बोललो असतो. परंतु चातुर्मासात असत्य न बोलण्याचे माझे व्रत आहे. आपले तसे काही नाही, हे ताईला फोन करून विचारून घेतले आहे.