मूठ कोणाच्या हाताची

रविवार, १६ नोव्हेंबर १९८६. दुपारचे सव्वातीन. साकीनाक्याच्या गाळ्यातून. शेजारची लेथ आज बंद आहे, म्हणून लिहिण्याजोगी शांतता आहे. हातातली कानस आत्ताच खाली ठेवली.

तीर्थरूप धोंडूमामांस,

तुमच्या भाच्याचा, लहूचा नमस्कार. आई आणि मी बरे आहोत, म्हणजे ताप-खोकला काही नाही. आई सध्या माझ्याशी बोलत नाही, त्याचे कारण पुढे येईल. घाटकोपरच्या खोलीचे पत्रे बदलून घेतले. तुमच्याकडे भात झोडून झाला असेल.

तुमच्या नलिनीच्या अक्षरातले तुमचे पत्र मंगळवारी मिळाले. तुम्ही सांगितलेले तिने जसेच्या तसे उतरवले आहे. ‘मूठ बसयलंस, म्हणजे होय म्हटलंस. दशरथान आपल्या डोळ्यांनी बघल्यान. आता माका सांग, खैराची बसयलंस काय शिसवीची?’ एवढे तुम्ही विचारले आहे. उत्तर मुठीपासूनच देतो. त्यातले मला नीट कळते.

खैराची नाही आणि शिसवीचीही नाही. तुम्ही म्हणाल, मग राहिले काय? मामा, पुष्कळ राहिले.

मागच्या हिवाळ्यात मुलुंडचे नंदकिशोर नावाचे गृहस्थ गाळ्यात आले. बँकेत आहेत, सुट्टीत पोरांना घेऊन गडकिल्ले चढतात. त्यांना डोंगरावर वापरायच्या बारा सुऱ्या हव्या होत्या. तुम्ही तेव्हा हसला होता, ‘मुंबयच्या पोरांका डोंगरार सुरी कित्याक, चिवडो कापूक?’ मी त्यांना आधी पाच सुऱ्या दिल्या. पाते एकच, मुठी पाच प्रकारच्या. म्हटले, पाच-सहा वेळा डोंगरावर जाऊन या आणि कुठली कोणाला नकोशी झाली ते सांगा. कुठली आवडली ते विचारले नाही. आवडल्याचे माणूस उगीच सांगतो.

पितळेची पहिल्याच खेपेला परत आली. उन्हात चटका देते, थंडीत हाताला गार लागते, आणि तिच्या वजनाने पाते पुढे झुकायचे ते मागे झुकते. नंदकिशोरांना सांबरशिंगाची हवी होती. मी नाही म्हटले. तो धंदा कायद्याने बंद आहे आणि मला पोलीस गाळ्यात नको. म्हशीच्या शिंगाची करून दिली. दिसायला राजाची, पण हात ओला झाला की साबणाची वडी. शिसवीची चांगली, पण गुळगुळीत पॉलिश केली की तीही तशीच, आणि न केली तर पावसाळ्यात फुगते. खैर तुमचा. खैराला मी नावे ठेवत नाही. पण तुमची खैराची मूठ गोल असते, मामा. गोल मूठ कठीण फांदीवर घाव बसला की हातातल्या हातात फिरते. तुमच्या हातात फिरत नाही, कारण तुमच्या तळव्याला चाळीस वर्षांचे घट्टे आहेत. लहानपणी मी भात्यावर बसायचो तेव्हा मला वाटायचे, दोष माझ्या हाताचा आहे. तुम्हीही तेच म्हणायचा, ‘पोराचो हात लोण्याचो.’ दोष आकाराचा होता. हे मी आज लिहून ठेवतो.

पाचवी मूठ हायलमची. इथे बिजलीच्या बोर्डांसाठी ती पाटी वापरतात. कापडाचे थर राळेत दाबून केलेली तपकिरी पाटी असते, भंगारात तुकडे मिळतात. ती फुगत नाही, तडकत नाही, तेल पीत नाही. पॉलिश न करता नुसती घासून ठेवली तर ओल्या हातात उलट जास्त धरते. आकार मी अंड्यासारखा ठेवला, मधे थोडे पोट, शेवटी करंगळीला अडायला लहानशी चोच. ती सुरी परत आलीच नाही. ज्याला दिली होती तो म्हणाला, हरवली. नंदकिशोर म्हणाले, ‘हरवली कसली रे, उशीखाली घेऊन झोपतो तो.’

तर तुमच्या कोयतीच्या पात्याला मी हायलम बसवली. तुमच्या पात्याची शेपटी बारीक, म्हणून दोन फाळ्या करून आत खाच पाडली, मसाल्याने चिकटवली आणि पितळी तारेच्या मेखा मारल्या.

आता ती का बसवली, हे लिहायचे आहे.

दसऱ्यानंतर वाडीतले दशरथदादा गोणपाटात गुंडाळलेले पाते घेऊन आले. काही निरोप नव्हता. निरोपाची गरजच नव्हती. आपल्या घरात मुलीचा बाप बिनमुठीचे पाते पाठवतो. मुलाने पाते ठेवून घेऊन मूठ बसवली की सोयरीक झाली, बसवली नाही तर कोणी काही बोलायचे नाही. बाबांनी तुमच्या वडिलांच्या पात्याला अशीच मूठ बसवली होती. मला हे ठाऊक नव्हते असे मी म्हणणार नाही. ठाऊक होते. पाते तीन आठवडे तसेच टांगून ठेवले होते. ट्रकच्या पाट्याचे पोलाद, पाणी इतके नेमके दिलेले की नखाने वाजवले तर घुमते. तुमच्यासारखे पाणी साकीनाक्यात कोणी देत नाही, हेही लिहून ठेवतो.

मूठ कोणाच्याही हाताची करून चालत नाही, म्हणून मी गिऱ्हाइकाच्या मुठीत ओल्या शाडूचा गोळा देतो. त्याने तो घट्ट दाबायचा, आणि वाळला की त्या ठशावरून मी मूठ कोरतो. इथे सगळे हसतात त्याला. त्या आठवड्यात मालन आली होती. वेसाव्याची. अंधेरीच्या बाजारात तिचा मासळीचा वाटा असतो. मी दोन वर्षे तिच्याकडूनच मासळी घेतो. पहिल्या दिवशी तिच्या सुरीच्या मुठीला चिंधी गुंडाळलेली दिसली, ती मी बघत राहिलो, तर म्हणाली, ‘बोंबील घ्यायला आलायस की हात बघायला? हात बघायचे पैसे वेगळे.’ तिच्या भावाच्या होडीवरच्या सुऱ्या मी दुरुस्त करतो. ओल्या हाताचे जेवढे मला कळते तेवढे तिच्यामुळे कळले.

तिच्या हातात मी शाडू दिला. ती म्हणाली, ‘ही गणपतीची माती ना रे? आता त्याला जन्मभर माझ्या हाताचा वास येणार.’ आणि असा दाबला की बोटांमधून माती बाहेर आली. मग टांगलेल्या पात्याकडे बघून विचारले,

‘हे कुणाचं?’

‘मामांनी पाठवलंय.’

‘किती पडले?’

‘पैसे नाही. असंच.’

‘असंच काही नसतं, मिस्त्री. असंच दिलेलं सगळ्यात महाग पडतं, बाजारात विचार.’

ती गेल्यावर मी पाते खाली काढले. तिचा तळवा रुंद आहे, करंगळी आखूड. त्या ठशाला हे पाते बसेल असे मला दिसले, आणि मला दिसले की ते केल्याशिवाय मी राहात नाही. दोन संध्याकाळी लागल्या. तिसऱ्या दिवशी दशरथदादा घरच्यांसाठी खाऊ न्यायला म्हणून आले, तर कोयती बाकावर पडलेली. बघून नुसती मान हलवून हसले आणि गाडीला गेले. तेव्हाच त्यांना थांबवून सांगायला हवे होते. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, मी रस्ता ओलांडतानाही दोनदा मागे फिरतो.

आईला मात्र सांगावे लागले नाही. मी कोयती घरी नेली, तर तिने नारळ सोलायला उचलली. एकदा धरली, पुन्हा धरली, डाव्या हातात घेतली. ती लोहाराची मुलगी आहे.

‘ही माझ्या हातात बसत नाय.’

‘तुझ्या मापाची नाही ती.’

‘नलूच्याही नाय. नलूचा हात माझ्यासारखा, चिंचोळा. कुणाची रे ही?’

मी सांगितले. आईने कोयती जमिनीवर ठेवली, पाय लागू नये म्हणून भिंतीकडे सरकवली आणि म्हणाली, ‘कोळणीची? अरे, माझ्या भावाला मी तोंड कुठलं दाखवू?’ तेव्हापासून ती मला ताट वाढते आणि समोरून उठते. नारळ मात्र त्याच कोयतीने सोलते. कुरकुरत सोलते.

तर मामा, मी होय म्हटलेले नाही. मूठ बसली हे खरे. ती मालनच्या हाताची आहे. मी तिच्याशी लग्न करणार आहे. तिला विचारले आहे. ती माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी आहे आणि तिचे एकदा ठरून मोडले आहे, हे दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच कळवतो. तिच्या घरीही कोणी आनंदाने उड्या मारत नाही. तिचा भाऊ म्हणाला, ‘लोहार होडीवर काय करणार, गंजणार.’ मी त्याला म्हटले, गंजू नये म्हणून काय करायचे तेवढेच मला येते.

तुम्ही चिडाल. वाडीत म्हणाल, भाच्याने रीत मोडली. मी म्हणेन, रीत मी पुरी पाळली. पाते ठेवून घ्यायचे आणि मूठ बसवायची, एवढेच रीतीत आहे. मूठ कोणाच्या हाताची करायची हे पाते पाठवणाऱ्याने कधी विचारले नाही, आणि नलिनीचा हात मापायला मला कोणी कधी दिला नाही. आईचाही कोणी मापला नव्हता. तिने बाबांच्या मापाची कोयती एकवीस वर्षे वापरली आणि तिचे मनगट अजून दुखते. आजोबांना किंवा बाबांना मी बोल लावत नाही. पण मी तसे करणार नाही. गाळ्यातही करत नाही, घरातही करणार नाही.

कोयती मी परत पाठवत नाही. मूठ काढून पाठवली तर मेखा छिनून काढाव्या लागतील आणि पाते बिघडेल. तुमच्या हातचे पाते मी बिघडवणार नाही. मूठ ठेवून पाठवली तर तुम्ही तिचा अर्थ लावाल. म्हणून ते मी विकत घेतो. कुडाळच्या बाजारात तुम्ही बिनमुठीचे पाते पस्तीस रुपयांना देता, तेवढेच उद्या पोस्ट उघडले की पाठवतो. मनिऑर्डर घेऊन पोस्टमन आला की सही करा. परत लावलीत तर मी पुन्हा पाठवीन, आणि पुन्हा.

गाळ्याच्या डिपॉझिटचे तीन हजार तुम्ही दिले होते. ‘घरातलेच आसत’ असे म्हणून दिले होते. घरातले कुठल्या अर्थाने, हे तेव्हा कळले नाही, आता कळते. ते मी फेडणार. गाळा सोडणार नाही. चारकोपच्या कारखान्यात पेचकसांना प्लॅस्टिकच्या मुठी लावायची नोकरी तुम्ही माझ्यासाठी बघून ठेवली आहे, असे दशरथदादा बोलले होते. ती दुसऱ्या कोणाला द्या. तिथे सगळे हात एका मापाचे धरतात.

हे पत्र तुम्हाला नलिनीच वाचून दाखवत असणार. हे लक्षात ठेवूनच मी लिहिले आहे, आणि म्हणून काही गाळले नाही. नलू, वाचताना थांबलीस तरी चालेल. मामांना पुढचे दशरथदादा वाचून दाखवतील. तुझ्यात उणे काही नाही, हे वाडीत मामांनी मोठ्याने सांगावे. त्यांनी नाही सांगितले तर मी शिमग्याला येऊन सांगेन. त्या वेळी माझ्याबरोबर मालन असेल. घरात घ्यायचे की अंगणातून परत लावायचे, ते तुम्ही ठरवा. आम्ही येणार.

भाता ओढायला ज्याने शिकवले त्याचाच भाचा,
लहू

हिशेब

खर्च: हायलमचा तुकडा ६.००, पितळी तार ४.५०, चिकटवायचा मसाला व कागद ५.५०. एकूण १६.०० रुपये. हा माझा, तुमच्याकडे मागत नाही.

पात्याची किंमत: ३५.०० रुपये. चुकती.

डिपॉझिट: ३,०००. आधी दिले १,१००. उद्याच्या मनिऑर्डरीत ४००. बाकी देणे १,५०० रुपये, पुढच्या दिवाळीच्या आत.

नलिनीचे मी काय देणे लागतो, ते तिने स्वतः लिहावे. तुमच्या सांगण्यावरून लिहिलेले असेल तर मला ओळखू येईल.