मागची जागा आणि माझी बालसमिती

२ मार्च
आजपासून रोजनिशी. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून माझी बिनविरोध निवड झाली. मीटिंगला फारसं कोणी आलं नव्हतं हा भाग वेगळा. जबाबदारीची जाणीव तीव्रतेने झाली. लगेच उठून जिन्यातले दिवे बघून आलो. पुन्हा बसलो. पुन्हा उठलो. काम करणाऱ्या माणसाला स्वस्थता कुठली?

पहिला मोठा प्रश्न पार्किंगचा. बिल्डिंगच्या मागे पाण्याच्या टाकीशेजारी भरपूर मोकळी जागा आहे. तिथे काही होत नाही. मुलं खेळतात, एवढंच. माझी नवीन गाडी या महिनाअखेर येणार आहे, पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही.

३ मार्च, सकाळ
मी हुकूमशहा नाही. मुलांची जागा सरळ काढून घेणं मला पटत नाही. त्यापेक्षा मुलांनी ती आपणहून द्यावी. त्यासाठी बालसमिती स्थापन करायची. मुलांना त्यांचे हक्क सांगायचे, मग चांगल्या नागरिकाची कर्तव्यं सांगायची, की त्याग ओघाने येतोच. लायब्ररीतून बालहक्कांवरची पुस्तिका आणली. पहिलं पान वाचलं. विषय लक्षात आला.

बायकोला योजना सांगितली. तिने विचारलं, आणि मुलं नाही म्हणाली तर? हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता, कारण तो मुद्दाच नाही. नकारात्मक विचार करायची सवय, दुसरं काय.

६ मार्च
बालसमितीची पहिली बैठक गच्चीवर. बारा-पंधरा मुलं. मी हक्क थोडक्यात आणि कर्तव्यं सविस्तर सांगितली. मुलं इतकी तल्लीन झाली की तळमजल्यावरच्या जुळ्या बहिणींपैकी एक डोळे मिटून ऐकत होती. मग सरबत. मग अध्यक्षाची निवडणूक. आमची भिंगरी निवडून आली. लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून हे नाव पडलं, आता अकरा वर्षांची आहे आणि घरात मोजकंच बोलते. मला बरं वाटलं. अध्यक्ष घरचाच असला की सोपं जातं.

चष्मा लावणाऱ्या एका मुलाने विचारलं, खेळण्याचा हक्क आहे म्हणजे खेळायला जागा असण्याचाही आहे ना? छान प्रश्न आहे म्हणालो. पुढच्या वेळी घेऊ म्हणालो. मुलांच्या प्रश्नांना असं प्रोत्साहन द्यावं लागतं.

९ मार्च
परिणाम दिसायला लागला. जिन्यात कागदाचा कपटा नाही. लिफ्टपाशी मुलं रांग लावतात, आणि मोठ्यांनाही लावायला लावतात. मी चुकून रांगेच्या पुढे गेलो तर मला मागचा रस्ता दाखवण्यात आला. अभिमान वाटला. थोडा उशीरही झाला.

म्हणून भिंगरीला शाळेत सोडताना बेकरीच्या गल्लीतून स्कूटर घातली. गल्ली वन-वे आहे, पण सकाळी तिथे कोण असतं? भिंगरी म्हणाली, थांब. थांबलो. ती उतरली आणि चालायला लागली. एकच दिवस आहे गं, म्हटलं. ती म्हणाली की बैठकीत मीच सांगितलं होतं, नियम कोणी बघत नसतानाही पाळायचे असतात. असं मी म्हणालो असेन. बोलण्याच्या ओघात माणूस पुष्कळ बोलतो. तिला एकटं कसं सोडणार? तिच्या शेजारून हळूहळू स्कूटर चालवत राहिलो, उलट्या दिशेने. गल्लीच्या तोंडाशी ट्रॅफिक पोलीस होता. मी सेक्रेटरी आहे हे त्याला सांगितलं. त्याने कुठला ते विचारलं नाही. भिंगरी पलीकडच्या फुटपाथवर उभी राहून दुसरीकडे बघत होती.

१२ मार्च
दुसरी बैठक. आज प्रस्ताव मांडायचा होता, म्हणून शर्ट तीनदा बदलला.

मुलांनी एक नियम केला आहे. ज्याच्या हातात लाकडी पट्टी तो बोलणार, बाकीचे ऐकणार. उत्तम नियम. पट्टी मी घेतली. समाज, त्याग, उद्याचे नागरिक, वाहतुकीची समस्या असं सगळं व्यवस्थित मांडलं. बऱ्याच वेळाने भिंगरीने पट्टी मागितली. अजून शेवटचा मुद्दा आहे, म्हणालो. ती हात पुढे करून तशीच उभी राहिली. दिली शेवटी.

मग जुळ्यांपैकी एक बोलली. त्यांच्याकडे आजोबा आजारी आहेत, घर दोन खोल्यांचं, दिवसभर कुजबुजत बोलावं लागतं. मोठ्याने ओरडता येईल अशी मागची एकच जागा आहे, म्हणाली. तिने हे सांगितलंही कुजबुजतच. चष्मेवाल्याने विचारलं, तिथे गाडी कोणाची उभी राहणार? मी म्हणालो, प्रश्न एका गाडीचा नाही, तत्त्वाचा आहे. त्यावर सगळी मुलं भिंगरीकडे बघायला लागली आणि भिंगरी माझ्याकडे.

ती म्हणाली, "बाबा, तू आम्हाला ऐकायला बोलावलंस. आमचं ऐकायला नाही."

वाक्याची रचना चांगली होती. मराठीत तिला मार्क बरे पडायला हवेत.

१३ मार्च
शोरूममध्ये लक्ष लागलं नाही. मी ऑफिसच्या खुर्च्या विकतो, दिवसभर लोकांना बसवणं हाच धंदा. आज एका गिऱ्हाइकाला इकडून तिकडे इतक्या खुर्च्यांवर बसवलं की तो म्हणाला, साहेब, आधी तुम्ही बसा. बसलो. गिऱ्हाईक गेलं. ते वाक्य डोक्यातून जात नाही. भिंगरीचं, गिऱ्हाइकाचं नव्हे.

१५ मार्च
भिंगरी माझ्याशी फक्त हो आणि नाही असं बोलते. शिस्त येते आहे. बायकोला विचारलं, हे कधीपासून? ती म्हणाली, वर्ष झालं असेल. शक्य नाही, माझ्या लक्षात आलं असतं, म्हणालो. तिने घड्या घालायचे कपडे माझ्याकडे सरकवले आणि आत गेली.

जेवताना भिंगरीला म्हणालो, तुझं काय म्हणणं आहे ते मोकळेपणाने सांग. ती सांगायला लागली. सुरुवातीलाच तिचा एक गैरसमज होता, तो दूर केला. त्यातून दुसरा निघाला, तोही दूर केला. मग तिचं जेवण झालं. एकंदरीत संवाद चांगला झाला.

१८ मार्च
मुलं परस्पर चेअरमनकडे गेली. चपला बाहेर काढून, ओळीत, आधी वेळ ठरवून. मागच्या जागेचा विषय सर्वसाधारण सभेत घ्या आणि आम्हाला बोलू द्या, एवढंच मागणं. चेअरमनचा फोन आला. मुलांना फार छान वळण लावलंत, म्हणाले. मी नम्रपणे आभार मानले. फोन ठेवल्यावर घरातल्या घरात बऱ्याच फेऱ्या मारल्या.

२२ मार्च, संध्याकाळ
सर्वसाधारण सभा. आज खरोखर गर्दी होती. मुलांचं म्हणणं भिंगरीने मांडलं. शाळेच्या वेळात जागा रिकामीच असते, तेव्हा गाड्या खुशाल उभ्या करा. संध्याकाळी पाच ते आठ आणि सुट्टीच्या दिवशी ती आमची. झाडलोट आम्ही करू. काच फुटली तर स्वतः जाऊन सांगू, पळून जाणार नाही. मग ती बसली. एवढ्यात संपलं?

मी उत्तरादाखल दीर्घ बोललो. गाडी रोज संध्याकाळी पाचला हलवणं किती अव्यवहार्य आहे हे पटवून देताना "माझी गाडी" असे शब्द एकदा निघून गेले. दुसऱ्यांदाही गेले. नंतर मोजलं नाही.

मतदान हात वर करून. मुलांच्या बाजूने माझा सोडून सगळे हात वर गेले. दुसऱ्या ओळीत एक हात ओळखीचा वाटला, हिरव्या बांगड्यांचा. बायकोचा. मी ताबडतोब हरकत घेण्यासाठी हात वर केला. चेअरमननी तोही मोजला आणि ठराव एकमताने मंजूर झाल्याचं जाहीर केलं. टाळ्या झाल्या. लोक माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होते, मग हात खाली कसा घेणार?

भिंगरीने वळून माझ्या वर गेलेल्या हाताकडे पाहिलं. पहिल्यांदाच हसली. आणि मग तो कशासाठी वर होता ते तिला कळलं असावं.

२६ मार्च
गाडी आली. रंग अपेक्षेपेक्षा छान. पाचला मागच्या जागेतून काढली. जागा शोधत तीन गल्ल्या फिरलो. दवाखान्यासमोर लावली, तिथून हाकललं. शाळेसमोर लावली, तिथे शाळेच्या गेटवर मुलांसाठी मोकळी जागा सोडा असा फलक होता. बरोबरच आहे. आठ वाजेपर्यंत गाडीतच बसून राहिलो. सीट आरामदायी आहे. बसवत मात्र नव्हतं.

३० मार्च
परवा विचार केला. हे सगळं मी सुरू केलं, तर आपण बाहेर का? बालसमितीत एक मोठा माणूस असावा असं भिंगरीला सुचवलं. ती म्हणाली, सगळ्यांना विचारून सांगते. माझ्या मुलीने मला होकार देण्याआधी दुसऱ्यांना विचारायचं! दोन दिवस वाट बघितली. वाट बघणं मला जमत नाही, म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ तिला आठवण करून दिली.

१ एप्रिल
होकार आला. मला निरीक्षक नेमलं आहे. अट एकच, बोलायचं नाही. ही अट इतरांना जड गेली असती.

३ एप्रिल
निरीक्षक म्हणून पहिली बैठक, मागच्या जागेत, टाकीच्या सावलीत. मी अजिबात बोललो नाही. फक्त प्रास्ताविक केलं. जुळ्या बहिणी बोलताना एके ठिकाणी अडखळल्या तेव्हा त्यांना काय म्हणायचं होतं ते सांगितलं. आणि समारोप. भिंगरी पट्टी हातात धरून माझ्याकडे बघत होती. मुलांना सवय व्हायला वेळ लागतो.

७ एप्रिल, साडेपाच
गाडी आज लांब लावून चालत आलो. वर आल्यावर स्वयंपाकघराच्या खिडकीतून सहज खाली पाहिलं. मागे बैठक चालू आहे. वेळ मला कळवायची राहून गेली असणार. मुलंच ती.

पट्टी भिंगरीच्या हातात आहे. काहीतरी सांगते आहे, दोन्ही हात हलवून, मध्येच उठून कुणाची तरी नक्कल करून. सगळी मुलं हसून लोळताहेत. कुजबुजणारी जुळी तर ओरडूनच हसते आहे. आमची भिंगरी एवढं बोलते? कधीपासून? बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, हो, रोज. आणि भाजी चिरायला बसली.

शब्द इथवर पोचत नाहीत. नक्कल कोणाची चालली आहे तेही कळत नाही. कोणीतरी शर्टाची बटणं लावतंय, काढतंय, पुन्हा लावतंय.

खुर्ची ओढून खिडकीशी बसलो आहे. खिडकी पूर्ण उघडून ठेवली. हाक मारली तर ऐकू यायला हवी.