पाइनच्या सुयांचं छप्पर

ती. मल्लिनाथमामांस,

निलगिरीच्या थंडीत कानटोपी घातलेल्या मन्मथचा शरणु शरणार्थ. तुमचा गुडघा, मामीचा दमा आणि क्लासमधली गर्दी कशी आहे? (गर्दी वाढलीच असणार. भूकंपानंतर लातुरात घरांआधी क्लास उभे राहिले.)

तुम्ही मला माणसांचा डॉक्टर करायला निघालात, मी झाडांकडे वळलो. इथे पाइनचं लावलेलं जंगल आहे. पानं म्हणजे नुसत्या सुया. डोक्यावर त्यांचे एकूण किती थर होतील ते तीन पद्धतींनी मोजायचं आणि कुठली पद्धत भरवशाची ते ठरवायचं, हे माझं काम. पहिलीत झाड पाडून सुया ओरबाडायच्या. (हाताला इतकी राळ चिकटते की भाकरी बोटं सोडत नाही.) दुसरीत खाली जाळ्या बांधून गळलेल्या सुया गोळा करायच्या. (एका जाळीत माकडिणीने पोरासह संसार थाटलाय. तिला उठवायचा धीर होत नाही.) तिसरीत कॅमेऱ्याने वरचं आभाळ टिपायचं आणि सुयांनी किती झाकलंय ते बघायचं. ही मला फार मानवली. मी उताणा पडतो, वर सुया हलत राहतात, ऊन चाळून तोंडावर पडतं, आणि आपण अजून लहान आहोत, आई जवळच ज्वारी निवडतेय असं वाटत वाटत भरदुपारी डोळा लागतो. बऱ्याच फोटोंत माझी कानटोपीच निघाली.

उत्तरं अर्थातच तीन तऱ्हेची आली. खरं कुठलं, असं साहेबांनी विचारलं. मी बेधडक मधलं सांगितलं. कारण विचारल्यावर, येत नसलं की मधला पर्याय ठोकायचा ही तुमची शिकवण त्यांना इंग्रजीत समजावली.

तुमचा भाचा,
मन्मथ

ता. क. : पक्कं घर मिळूनही आई अंगणातच निजते ना? मागे म्हणाली होती, "स्लॅबखाली मला डोळा लागत न्हाई बाबा." तिला घेऊन इकडे या. इथलं छप्पर अंगावर पडलं तरी केस विंचरले की निघून जातं.

ता. क. दुसरा : साहेब म्हणतात, कॅमेरा तिपाईवर ठेवायचा असतो, माणसाने आडवं पडायची गरज नाही. त्यांना काय सांगू? आईला म्हणावं, गोधड्या दोन आण. माझ्याही खोलीला स्लॅब आहे.